शुक्रवारचा आकडा

फेलोशिपच्या मुलाखतीत त्यांनी माझं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र आधी खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग अर्जावरचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"या मुलीच्या कानात रिंगा आहेत," ते म्हणाले. "तुझ्या कानात नाहीत."

"प्रवासात काढून ठेवल्या, सर."

"असेल. नागपूरची ना तू? तिथला उन्हाळा कसा?"

"फार कडक, सर."

"फार म्हंजे कशाहून? दुसरीकडं कधी उन्हाळा काढलायस?"

मी नाही म्हटलं.

"मग नुस्तं कडक म्हण. फार म्हणू नको."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ट्रस्टच्या मॅडम बसल्या होत्या. त्या ओशाळं हसल्या आणि मला पाणी विचारलं. मी बाहेर पडले ती आपली निवड होत नाही असं धरूनच. निवड झाली. का झाली हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही आणि पुढं ज्या गोष्टी घडल्या त्या पाहता, मी विचारलंही नाही.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. हवामान बदलतंय ही बातमी तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात असायची. बंगलोरच्या एका ट्रस्टला परदेशातून मदत मिळाली आणि त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या मुलांसाठी वर्षभराची फेलोशिप काढली. नाव भारदस्त होतं: हवामान नेतृत्व फेलोशिप. कोरमंगलातल्या एका बंगल्याचा वरचा मजला हे आमचं ऑफिस. त्या वेळचं कोरमंगला म्हणजे नवीकोरी घरं, मधेमधे गवत माजलेल्या रिकाम्या साइटी आणि दुपारी रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री. मी तिथंच एका तमिळ बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते.

मॅडमनी आमचे मार्गदर्शक म्हणून मुलाखतीतल्या ह्या गृहस्थांना आणलं होतं. सगळी नोकरी हवामानाच्या नोंदी आणि अंदाज यांत गेलेली, आता निवृत्त. उंच, वाळलेले, बाराही महिने अंगात काळा कोट. बंगल्याचा माळी त्यांना 'मेष्ट्रु' म्हणायचा. कन्नडमध्ये मास्तरांना म्हणतात तसं. आम्हीही पाठीमागं तेच म्हणू लागलो.

त्यांचं घराणं मराठी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडं आले, असं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं होतं. मी एकदा त्यांना तसं विचारलं तर म्हणाले, "असं सांगतात. मी पाहिलं नाही." त्यांची मराठी मला सुरुवातीला फार जुनी आणि मधेच फार परकी वाटायची. 'स्वल्प थांब' म्हणायचे, मुलींना 'अम्मा' म्हणायचे, आणि कॉफी नको असली तर 'बेडा' म्हणून पेला दूर सारायचे. पेला जवळ घेण्याआधी तो उलटा करून बूड पाहायचे. हॉटेलात, लग्नात, मॅडमच्या घरीसुद्धा.

संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला ठरवता आलं नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की लोक घड्याळं लावतात. मेष्ट्रु घड्याळ बघून रेडिओ बरोबर आहे का ते पाहायचे. वर्तमानपत्र एक दिवस उशिरा वाचायचे. कालचा अंदाज आज वाचला की तो कितपत खरा ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. रिक्षात बसले की मीटरवर नजर, आणि उतरताना ड्रायव्हरशी नेहमीचा वाद. कुणी काहीही सांगितलं, अगदी 'बाहेर पाऊस पडतोय' असं सांगितलं, तरी त्यांच्या तोंडून आधी निघायचं, "कशावरून?" मग ते उठून खिडकीपाशी जायचे, हात बाहेर काढायचे आणि ओला हात कोटाला पुसत परत येऊन बसायचे. बसायचेही नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून.

'नेतृत्व' या शब्दावर त्यांचा खास राग. "पुढं चालणारा तो नेता, असंच ना? पाऊस आला तर पुढचा आधी भिजतो. एवढाच फरक मला दिसतो."

हे मॅडमच्या कानावर जात असणार. तरी त्यांनी आमच्यासाठी मुंबईहून एक नेतृत्वाचे प्रशिक्षक बोलावले. टाय लावलेला, उत्साही माणूस. त्यांनी आम्हाला गोल उभं केलं आणि सांगितलं की प्रत्येकानं डोळे मिटून मागच्या मागं पडायचं, बाकीचे झेलतील. यातून एकमेकांवर विश्वास बसतो. दोनतीन जण पडले, झेलले गेले, टाळ्या झाल्या. मग त्या गृहस्थांनी कोपऱ्यातल्या मेष्ट्रुंना हाक मारली. "या ना सर, तुम्हीही या!"

"का पडायचं?"

"विश्वासासाठी, सर. तुमचे फेलो तुम्हाला झेलतील."

"माझ्या वजनाचा कुणी झेललाय का यांनी?"

"सर, हा खेळ आहे."

"खेळ असला तरी माझी पाठ खरी आहे."

ते उठले, खालून चौकीदाराची गुंडाळलेली गादी मागवली, ती खुर्चीवर उभी केली आणि आम्हाला म्हणाले, "आधी ही झेला." गादी ढकलली. ती आम्हा चौघांच्या हातांतून धप्पकन खाली गेली. सगळे हसले, प्रशिक्षकही हसले. ते मात्र हसले नाहीत. "बघा," एवढंच म्हणून कॉफी प्यायला निघून गेले.

आमच्यात सुहास नावाचा पुण्याचा मुलगा होता. बोलण्यात हुशार, इंग्रजी झकास, आणि दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधण्यात कायम गढलेला. त्याचं ठाम मत होतं की म्हाताऱ्याचं काहीतरी गौडबंगाल आहे. "परदेशी पैसा आहे हा. आपण गोळा केलेले आकडे जातात कुठं? आणि असल्या माणसाला मॅडमनी घेतलंच कसं?" मी त्याला उडवून लावत असे. पण संशय ही चीज अशी की एकदा कुणी कानात घातली की आपलीच होते. मेष्ट्रु फोनवर हळू आवाजात बोलले की माझेही कान टवकारायला लागले.

आणि तरीही, मला एकदा ताप आला तेव्हा हेच गृहस्थ बायकोला घेऊन माझ्या खोलीवर आले होते. त्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. अक्कांनी डब्यात गरम सारू, म्हणजे आपलं सार, आणि भात आणला होता. मेष्ट्रुंनी खिशातून दोन थर्मामीटर काढले, आधी एक लावला, मग दुसरा, आणि दोन्ही खिडकीपाशी नेऊन वाचले. "दोन्ही एकच सांगतात. म्हंजे ताप आहे," त्यांनी अक्कांना सांगितलं. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचली. मग खुर्ची भिंतीला लावून, मला झोप लागेपर्यंत, एक शब्द न बोलता बसून राहिले.

आमच्या फेलोशिपचं मुख्य काम असं होतं: वाढत्या शहरात कुठं किती तापतं ते पाहायचं. प्रत्येकाला एक जागा नेमून दिली होती. तिथं झडपांची पांढरी लाकडी पेटी, पेटीत तापमापक. सकाळी उजाडताना आणि दुपारी जाऊन वाचायचा. माझी पेटी कोरमंगलातल्या तळ्याच्या कडेला. सुहासची के. आर. पुरमला, स्टेशनापलीकडच्या एका रोपवाटिकेत. आणि आयेशाची शिवाजीनगरला.

आयेशा शिवाजीनगरचीच. तिचे अब्बा लॉऱ्यांचे रेडिएटर दुरुस्त करत. बसस्टँडामागच्या ज्या उर्दू शाळेत ती शिकली तिच्याच आवारात तिनं पेटी बसवायची परवानगी मिळवली होती. मधलं मैदान मुलांच्या खेळाचं, म्हणून हेडमास्तरांनी मागच्या भिंतीपाशी जागा दिली. मेष्ट्रु स्वतः जाऊन ती जागा पाहून आले होते आणि चालेल म्हणाले होते.

आयेशा कमी बोलायची. पण कामात एक दिवस खाडा नाही. आणि तिचेच आकडे सगळ्यांत डोळ्यांत भरणारे. दुपारचं सोडा, पहाटेही शिवाजीनगर थंड होत नव्हतं. आमच्या पेट्या सकाळी उतरलेल्या असायच्या, तिची चढलेलीच. मॅडम हरखून गेल्या. दिवसभराची उष्णता शहर रात्रभर धरून ठेवतं, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं, आणि ते इतकं लख्ख दुसऱ्या कुठल्याच पेटीत दिसत नव्हतं. वर्षाअखेरच्या परिसंवादाचा मुख्य फलक शिवाजीनगरच्या पहाटेचा करायचं ठरलं. परदेशातल्या परिषदेला एका फेलोला पाठवायचं होतं. तिथंही आयेशाचंच नाव पुढं आलं.

मेष्ट्रु तिच्या आकड्यांकडे बघत बसायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदा मी शेजारून जात असताना स्वतःशीच पुटपुटले, "दर शुक्रवारी सकाळी उतरतो. हवेला वार कसा कळतो?"

मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

त्याच सुमाराला, एका सोमवारपासून, ते ऑफिसात उशिरा यायला लागले. आणि येत ते काळ्या कोटाच्या पाठीला पांढरा चुना लागलेला. "हा रोज कुठल्या भिंतीला टेकून येतो?" सुहास म्हणाला. मग बुधवारी त्यानंच बातमी आणली. के. आर. पुरमहून परत येताना तो शिवाजीनगरला बस बदलायचा. तिथं त्यानं मेष्ट्रुंना पाहिलं होतं. घर बसवनगुडीत, ऑफिस कोरमंगलात, आणि सकाळी सकाळी हा माणूस शिवाजीनगरात!

माझ्या पेटीतला तापमापक तेव्हा फुटला होता आणि नवा यायचा होता. मला सकाळची मोकळीक होती. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी पहिल्या बसनं शिवाजीनगरला गेले. भाजीवाले पोती सोडत होते, हॉटेलांच्या कढया तापत होत्या, सगळीकडे पाव भाजल्याचा वास. शाळेच्या फाटकासमोर एका चहाच्या टपरीआड मी उभी राहिले. थोड्या वेळानं काळा कोट आला. इकडंतिकडं पाहून आत शिरला आणि पाण्याच्या टाकीमागं, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मग आयेशा आली, डोक्यावरची ओढणी सावरत. पेटी उघडली, वाकून वाचलं, लिहिलं, कुलूप लावून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर हे बाहेर आले. खिशातून दुसरी किल्ली काढली, पेटी उघडली आणि स्वतः वाचलं.

माझं डोकं भणभणलं. आम्हा सगळ्यांत फक्त हिच्यावर पाळत? मला ते शुक्रवारचं पुटपुटणं आठवलं आणि मग जो अर्थ लागला तो चांगला नव्हता.

मी ऑफिसात जाऊन आयेशाला सगळं सांगितलं. सुहास शेजारीच होता. तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?" आयेशानं शांतपणे ऐकून घेतलं. मेष्ट्रु आले तशी ती उठून त्यांच्या टेबलापाशी गेली. दोघं कन्नडमध्ये बोलले. मला थोडं तेव्हा कळलं, बाकीचं तिनं नंतर सांगितलं.

"सर, तुम्ही सकाळी शाळेत येता?"

"येतो."

"माझ्या मागं?"

"होय."

"कशासाठी?"

"शुक्रवारी सकाळी आकडा उतरतो. प्रत्येक शुक्रवारी. मला वाटलं, शुक्रवारी तू जात नसशील. घरी बसून लिहीत असशील."

"शुक्रवारी," आयेशा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी शुक्रवारीच जात नसेन, असं तुम्हाला का वाटलं, सर?"

 तिनं पर्समधून पेटीची किल्ली काढली, त्यांच्यासमोर ठेवली आणि जिना उतरून गेली.  दुपारभर मेष्ट्रुंनी ती किल्ली टेबलावरून उचलली नाही. संध्याकाळी जाताना मात्र खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी ऑफिसात नुकतीच पोहोचले होते. जिन्यावर धावती पावलं वाजली आणि मेष्ट्रु आत आले. त्यांना मी तोवर कधी घाईत पाहिलं नव्हतं. धाप लागली होती, छत्री कुठंतरी विसरले होते.

"अम्मा, चल. स्वल्प लवकर चल. आयेशाच्या घरी."

"आता काय राहिलंय, सर?" मी तोडून म्हटलं.

"तू चल. मी एकटा गेलो तर मला कोण उभं करेल दारात?"

रिक्षात त्यांनी मीटरकडे पाहिलं नाही. सगळा वेळ हातांनी काहीतरी समजावत होते, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मला नीट कळलं ते तिथं पोहोचल्यावरच.

आयेशाच्या अब्बांचं दुकान घराखालीच. ते तारेच्या ब्रशानं एक रेडिएटर घासत बसले होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत.

"क्या होना?" त्यांनी विचारलं. काय पाहिजे, असं.

"आयेशाशी बोलायचंय."

"काल बोललात ना? पोरगी काल आल्यापासून जेवलेली नाही. तुम्ही मास्तर की पोलीस?"

"मास्तर," मेष्ट्रु म्हणाले.

"मला कसं कळणार? पोलीसही साध्या कपड्यांत येतात."

मेष्ट्रु दारातून हलले नाहीत. आयेशाची आई वरून डोकावून गेली. शेवटी आयेशा स्वतःच खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं त्यांना बसायला सांगितलं नाही.

मेष्ट्रुंनी तिथंच रस्त्यावर उभं राहून बोलायला सुरुवात केली. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडं एक बेकरी आहे. तिचं दार पलीकडच्या गल्लीत, म्हणून आवारातून ती दिसत नाही. पण तिची भट्टी त्याच भिंतीला लागून आहे, आणि ती रात्री पेटते, ती सकाळपर्यंत चालू. भिंत तापते. भिंतीशेजारची पेटी तापते. शुक्रवारी बेकरी बंद असते.

"मी रोज त्या भिंतीला टेकून उभा राहायचो," ते म्हणाले. "पाठ शेकून निघायची. बरं वाटायचं. माझी पाठ दुखते. चार दिवस बरं वाटलं, पण का वाटतं ते मी विचारलं नाही. आज टेकलो तर भिंत गार, पेटीतला आकडाही उतरलेला. तेव्हा पलीकडं जाऊन पाहिलं. जागा ठरवायला मी आलो होतो तो दिवसही शुक्रवारच होता. शाळेला सुट्टी असते म्हणून मीच तो दिवस धरला होता. तुझे आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा. मी संशय भिंतीवर घ्यायला पाहिजे होता. तुझ्यावर घेतला. चूक माझी. माफ कर."

अब्बांचा ब्रश थांबला होता.

आयेशा म्हणाली, "सर, एक विचारू? आकडा सोमवारी उतरत असता, तर तुम्ही आधी भिंतीपलीकडं पाहिलं असतं का?"

रस्त्यावरून एक हातगाडी आली, तिला वाट द्यायला ते बाजूला सरले. मला वाटलं, आता ते 'नाही गं अम्मा, तसं काही नाही' असं म्हणतील. कुणीही म्हणालं असतं.

"ठाऊक नाही," मेष्ट्रु म्हणाले. "मलाही रिक्षात हाच प्रश्न पडला होता. स्वतःला विचारून जे उत्तर येतं त्यावर माझा विश्वास नाही."

आयेशानं हात पुढं केला. मग म्हणाली, "किल्ली द्या." त्यांनी दिली. अब्बांनी एक स्टूल पुढं सरकवलं आणि कुणालातरी चहा सांगितला. चहा आला. पेल्याचं बूड मुद्दाम न पाहता त्यांनी तो प्यायला, की पाहायचं त्यांना सुचलंच नाही, हे मला सांगता येणार नाही.

गोष्ट इथं मिटली असती. पण परिसंवाद तोंडावर आला होता. शिवाजीनगरच्या पहाटेचा फलक रंगवून तयार होता आणि मॅडमनी पत्रकारांनाही तेच सांगून ठेवलं होतं. बेकरीचं कळल्यावर, परिसंवादाच्या आदल्या दिवशी, त्यांनी आयेशाला, मेष्ट्रुंना आणि मला खोलीत बोलावलं.

"हे बघ, आयेशा," मॅडम समजुतीनं म्हणाल्या, "शिवाजीनगर तापलेलं आहेच. हे तर कुणी नाकारत नाही ना? थोडं इकडंतिकडं. भिंतीमागं काय आहे ते बघायला कोण येणार आहे? आणि परिषदेला तुझंच नाव मी कळवलंय. ते आता डळमळायला नको."

आयेशानं मेष्ट्रुंकडे पाहिलं.

"मी सांगणार नाही," ते म्हणाले. "आकडे तुझे. तू ठरव." आणि उठून बाहेर गेले.

मला त्यांचा संताप आला. एवढं सगळं करून ऐन वेळी हा माणूस अंग काढून घेतो! मॅडमना दुखवायचं नाही म्हणून? की आयेशानं खोटं बोलावं आणि आपला जुना संशय खरा ठरावा म्हणून? त्या संध्याकाळी मी आणि सुहास याच्यावर बराच वेळ बोललो. सुहासचं म्हणणं, ती काही बोलणार नाही. "एवढी संधी कोण सोडतं? मी तरी सोडली नसती." निदान तो स्वतःबद्दल खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत परदेशी पाहुणे, अधिकारी, मॅडम. मेष्ट्रु सगळ्यांत मागं, भिंतीला पाठ लावून. आयेशा व्यासपीठावर गेली, रंगवलेल्या फलकाशेजारी उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "या फलकावरचा प्रत्येक आकडा मी स्वतः वाचलेला आहे. आणि हा फलक चुकीचा आहे." मग तिनं बेकरीबद्दल सांगितलं. भिंतीबद्दल, भट्टीबद्दल, शुक्रवारबद्दल. पाळतीबद्दल एक अक्षर बोलली नाही. "एका शिक्षकांनी हे शोधून काढलं," एवढंच म्हणाली.

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. एका पाहुण्यानं विचारलं, "मग शिवाजीनगर तापलंय की नाही?"

"आज सांगता येणार नाही," आयेशा म्हणाली. "पेटी हलवून पुन्हा वाचावं लागेल."

मी मान वळवून मागं पाहिलं. मेष्ट्रु दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून खाली पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते इतक्या लांबून मला दिसलं नाही.

परिषदेला सुहास गेला. त्यानं तिथं चांगलं भाषण केलं असं ऐकलं. पुढच्या वर्षी फेलोशिप निघालीच नाही. मॅडम म्हणाल्या, बाहेरची मदत थांबली. ती आपोआप थांबली की त्या दिवसामुळं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बंगल्याचा वरचा मजला एका कॉम्प्युटर कंपनीला भाड्यानं गेला.

आयेशानं आणि मेष्ट्रुंनी ती पेटी शाळेच्या गच्चीवर मधोमध नेऊन बसवली. ट्रस्ट नाही, फेलोशिप नाही, काही नाही. पुढचा अख्खा उन्हाळा ती वाचत राहिली. शिवाजीनगर बाकीच्या जागांहून तापलेलंच निघालं. फलकावर होतं तितकं नाही, पण निघालं. तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तेच.

मी नागपूरला परतले होते. एक-दोन वर्षांनी कामासाठी बंगलोरला गेले तेव्हा कळलं की मेष्ट्रुंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. आयेशा मला घेऊन बसवनगुडीच्या त्यांच्या घरी गेली. ते आरामखुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्यालाही फारसं दिसत नव्हतं. त्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. मी बोलले तशी त्यांनी मान वळवली.

"नागपूरची अम्मा ना? आवाजावरून वाटतं. बस."

अक्कांनी मला सांगितलं की गच्चीवर त्यांची स्वतःची एक पेटी आहे, लग्न झाल्यापासूनची. तिला हात लावायची परवानगी अक्कांनासुद्धा कधी मिळाली नव्हती. आजारपणातसुद्धा ते धापा टाकत जिना चढून जायचे. आता डॉक्टरनं जिना बंद केला होता.

बोलता बोलता आयेशा उठली आणि न विचारता वर गेली. तिला किल्ली कुठं असते ते ठाऊक होतं. थोड्या वेळानं ती खाली आली आणि खुर्चीजवळ वाकून त्यांना आकडा सांगितला. मेष्ट्रुंनी तो जसाच्या तसा अक्कांना लिहायला सांगितला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, मी एकदा वर जाऊन बघून येऊ का?"

"नको," ते म्हणाले. "ती पाहून आलीय ना."

आणि त्यांनी अक्कांना कॉफी ठेवायला सांगितली, तिघांची.